लातूरजवळ वसतिगृह बांधताना हरित प्रमाणपत्र घ्यावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर शहरालगत संस्थेच्या जागेवर १२० मुलींचे वसतिगृह बांधायचे आहे. तळमजला आणि वर दोन मजले, एकूण बांधकाम सुमारे १,८०० चौरस मीटर. वास्तुविशारद ग्रीन बिल्डिंगचे प्रमाणपत्र घ्या म्हणतात, ठेकेदार त्याने खर्च वीस टक्क्यांनी वाढेल म्हणतो, आणि एका विश्वस्तांचे म्हणणे असे की जुन्या पद्धतीने दगड-मातीत बांधले तर तेच खरे पर्यावरणपूरक ठरेल. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि प्रमाणपत्र घ्यायचेच झाले तर आयजीबीसी, ग्रिहा की लीड यांपैकी कोणत्या मूल्यांकन पद्धतीचे, असे तुम्ही विचारले आहे.

मराठवाड्यात या मूल्यांकनांच्या फायली तयार करण्याचे आणि त्यांसाठी साइटवर देखरेख ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. इमारत कमी पाण्यात आणि कमी विजेत चालावी, उन्हाळ्यात आत बसवेल अशी असावी, हा पहिला प्रश्न. ती तशी आहे हे बाहेरच्या त्रयस्थाने तपासून लेखी द्यावे, हा दुसरा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात पहिल्या प्रश्नावर चर्चेला जागाच नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र तो कागद तुम्हाला कोणापुढे ठेवायचा आहे, यावर अवलंबून आहे.

हा दुसरा प्रश्न आधी मिटवू, कारण तो लहान आहे. एखादी कंपनी सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी देताना प्रमाणपत्राची अट घालत असेल, तर प्रमाणपत्र घ्यावेच लागेल. त्या कंपनीला कोणते मानांकन चालते हे मात्र आधी पत्राने विचारून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. दुसरे कारण वाढीव चटईक्षेत्राचे, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते त्या प्रमाणाचे (एफएसआय). राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा लीडचे सिल्व्हर मिळवणाऱ्या इमारतीला मूळ एफएसआयवर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. कबूल केलेले मानांकन मिळवता आले नाही तर दंडही आहे. पण तुमच्या वर्णनावरून जागा ऐसपैस दिसते. मूळ एफएसआयच पुरा वापरला जात नसेल, तर वाढीव एफएसआयचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. शासकीय आणि निमशासकीय इमारतींना किमान मानांकनाची सक्ती आहे, ती खासगी न्यासाला लागू होत नाही. पर्यावरण मंजुरीचा विषय २०,००० चौरस मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे तोही तुमच्यापासून दूर आहे.

याचा अर्थ असा की निधी देणाऱ्याची अट नसेल, तर प्रमाणपत्रावाचून तुमचे काहीही अडत नाही. तरीही मी काही संस्थांना ते घ्यायला सांगतो, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. विश्वस्त मंडळे बदलतात, ठेकेदार मध्येच बदलतो, पैसे कमी पडू लागले की छताचे उष्णतारोधक इन्सुलेशन आणि दुहेरी नळजोडणी (फ्लशच्या पाण्यासाठी वेगळे पाइप) याच गोष्टी सर्वांत आधी कापल्या जातात. मानांकनासाठी नोंदणी झालेली असली की त्या कापताना निदान कोणीतरी हिशेब मागतो. तुमच्या मंडळात तसा एखादा चिवट माणूस आधीच असेल, तर शुल्काचे पैसे वाचवून ते छतावर घालावेत.

कोणते मानांकन, याबद्दल माझे मत सरळ आहे. लीड ही अमेरिकन पद्धत असून परदेशी भाडेकरू असलेल्या कार्यालयांना तिचा उपयोग होतो. वसतिगृहासाठी तिच्या वाटेला जाऊ नये. आयजीबीसी म्हणजे भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेली, हैदराबादला मुख्यालय असलेली परिषद. तिच्याकडे इमारतींच्या प्रकारांनुसार वेगवेगळी मानांकने आहेत आणि तिचे मान्यताप्राप्त सल्लागार पुणे-हैदराबादकडे सहज मिळतात. ग्रिहा ही टेरी ही दिल्लीची ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेली पद्धत आहे. तिचे मुख्य मानांकन २,५०० चौरस मीटर आणि त्यावरील प्रकल्पांसाठी असून त्याखालच्या इमारतींसाठी स्वग्रिहा हे सुटसुटीत मानांकन आहे. तुमची इमारत त्यात बसते. चौथा पर्याय एज, तो जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा (आयएफसी). त्याची अट समजायला सोपी आहे: ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य बनवताना पर्यावरणावर पडणारा भार, या तिन्हींत नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान २० टक्के बचत दाखवायची. त्याचे आकडेमोडीचे साधन इंटरनेटवर विनामूल्य वापरता येते. प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरी तुमच्या वास्तुविशारदांना त्यात नकाशाची मापे भरायला सांगा. एका दुपारच्या कामात कोणता बदल किती फळ देतो याचा ढोबळ अंदाज समोर येतो. प्रमाणपत्र लागणारच असेल, तर स्वग्रिहा आणि आयजीबीसी यांपैकी निधी देणाऱ्याला जे मान्य आहे ते घ्यावे. त्याहून जास्त डोके या निवडीवर खर्च करू नये.

आता मुख्य विषयाकडे येतो. गुणांवर चालणाऱ्या पद्धती देशभराचा विचार करून लिहिलेल्या असतात. त्यामुळे कोकणातल्या इमारतीला आणि औशाजवळच्या इमारतीला पाण्याच्या एकाच उपायासाठी जवळपास सारखेच गुण मिळतात. गुण गोळा करणारा सल्लागार साहजिकच आधी स्वस्त गुणांकडे वळतो: सायकलींची जागा, माहितीफलक, कमी वासाचा रंग. यात वाईट काही नाही, पण तुमचे पैसे मर्यादित आहेत आणि तुमच्या गावचा उन्हाळा मर्यादित नाही. म्हणून गुणांचा तक्ता बाजूला ठेवून पाण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा.

वसतिगृहासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. १२० मुलींचे रोजचे १६,२०० लिटर झाले. तुमचे छत सुमारे ६०० चौरस मीटरचे असेल. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला असे मानले, तर छतावरून सुमारे ३,३६,००० लिटर पाणी मिळते. आकडा मोठा वाटतो, पण १६,२०० ने भागून पाहा. जेमतेम तीन आठवड्यांचे पाणी. मानांकनात पर्जन्यजल संधारण हा अनिवार्य किंवा भरपूर गुणांचा भाग असतो, नियमावलीनुसारही ५०० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर ते करावेच लागते, आणि ते जरूर करावे. पण तेवढ्याने वसतिगृहाचा पाणीप्रश्न सुटला असे समजून विश्वस्त निश्चिंत होतात, ते बरोबर नाही.

दुसरी बाजू बघा. माणशी १३५ लिटरपैकी ३० ते ४५ लिटर नुसते फ्लशला जातात. हे पाणी पिण्यायोग्य असण्याची काहीच गरज नसते. आंघोळीचे आणि कपड्यांचे सांडपाणी वेगळ्या नळाने गोळा करून, गाळून, वेगळ्या टाकीतून फ्लशला फिरवले आणि त्याला इतर लहान बचतींची जोड दिली, तर ताज्या पाण्याची गरज माणशी ९० लिटरपर्यंत खाली आणता येते. रोजचे ५,४०० लिटर वाचले. वसतिगृह वर्षातले ३०० दिवस भरलेले असते असे धरा. ती बचत १६ लाख लिटरच्या वर जाते, म्हणजे छतावर पडणाऱ्या पावसाच्या जवळजवळ पाचपट. टंचाईच्या दिवसांत हाच आकडा दर दोन दिवसांमागे दहा हजार लिटरचा एक टँकर कमी, असा वाचायचा.

यातली मेख अशी की दुहेरी नळजोडणी नंतर करता येत नाही. शौचालयाचा आणि न्हाणीघराचा निचरा वेगळा काढायचा, तर शाफ्टची म्हणजे पाइप उतरवण्याच्या उभ्या पोकळीची रुंदी, स्लॅबमधून पाइप नेण्याच्या स्लीव्ह आणि गच्चीवरची दुसरी टाकी हे सगळे नकाशा पक्का होण्याआधीच ठरवावे लागते. आधी ठरवले तर वाढणारा खर्च पाइप आणि एका टाकीपुरता राहतो. इमारत उभी राहिल्यावर ठरवले तर फरशा उखडाव्या लागतात आणि मग कोणी त्या फंदात पडत नाही. सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी लहान वसतिगृहाला यांत्रिक संयंत्र (एसटीपी) मी सहसा सुचवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या की त्यातल्या जिवाणूंचे खाद्य बंद पडते, परत आल्यावर संयंत्र बरेच दिवस नीट चालत नाही, आणि त्याला रोज लक्ष देणारा माणूस संस्थेकडे नसतो. फक्त आंघोळ-कपड्यांच्या पाण्यासाठी गाळ बसण्याची टाकी, त्यापुढे खडी-वाळूच्या वाफ्यात लावलेली कर्दळ आणि शेवटी साधा फिल्टर व क्लोरिनची मात्रा, एवढी व्यवस्था पुरते. वाफ्याला जागा लागते, ती तुमच्याकडे आहे. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहील याची काळजी घ्या, नाहीतर डास होतील आणि पहिल्याच पावसाळ्यात रेक्टर मॅडम ते बंद करायला लावतील.

नळांबद्दल एक गोष्ट कोणत्याच माहितीपुस्तकात सापडत नाही म्हणून सांगतो. मानांकनाच्या गणितात कमी प्रवाहाचे शॉवर लावले की मोठी बचत दिसते. प्रत्यक्षात आपल्याकडे मुली बादली भरून आंघोळ करतात, आणि बादली जोरात भरा की हळू, पाणी तेवढेच लागते. त्यामुळे शॉवरवरची ती बचत कागदावरच राहते. खरी बचत होते ती हात धुण्याच्या बेसिनवर, दोन बटणांच्या फ्लशवर आणि पिण्याच्या पाण्याच्या आरओतून फेकल्या जाणाऱ्या पाण्यावर. हे फेकले जाणारे पाणी बहुतेक ठिकाणी सरळ गटारात जाते. ते टाकीत साठवून फरशी पुसायला वापरावे. बेसिनच्या नळाला एरेटर म्हणजे हवा मिसळणारी जाळी लावतात, त्याने प्रवाह निम्म्याहून कमी होतो. पण आपल्या बोअरचे पाणी जड. काही महिन्यांत त्या जाळीवर पांढरा थर धरतो, धार वाकडी उडू लागते, आणि कोणीतरी पकडीने ती जाळी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवून देते. त्या दिवसापासून त्या नळाची बचत संपली. म्हणून फक्त किल्लीनेच उघडणारे एरेटर घ्यावेत, किल्ली प्लंबरकडे असावी, आणि दर सत्राच्या सुरुवातीला सगळ्या जाळ्या काढून व्हिनेगरमध्ये भिजवून परत बसवण्याचे काम त्याच्या करारात लिहावे. सौर बंबाचेही तेच. जड पाणी थेट नळ्यांत फिरवले तर क्षार साचून तो निकामी होतो. हीट एक्स्चेंजर असलेला बंब महाग असला तरी आपल्या पाण्याला तोच टिकतो.

जमिनीत पाणी मुरवण्याबाबतही सावध राहावे. तुमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण असणार. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात गच्चीचे पाणी सोडले तर ते मुरत नाही. उलट माती फुगते, आणि खड्डा पायाजवळ असेल तर भिंतींना तडे जाण्याची शक्यता असते. पुनर्भरणाचा खड्डा इमारतीपासून दूर, मुरुमाच्या किंवा पाणी झिरपू देणाऱ्या मांजऱ्या खडकाच्या थरापर्यंत नेलेला असावा, आणि पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी त्यात न जाता बाहेर काढण्याची सोय असावी. जागा दाखवायला भूजलाचा अभ्यास असलेला माणूस बोलवा.

उष्णतेचा विचार पाण्यापासून वेगळा नाही, हे विसरू नका. खोल्या तापल्या की कूलर लावले जातात, आणि कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात वसतिगृह रिकामे असते हा युक्तिवाद लातूरला लागू पडत नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला असते आणि तोपर्यंत तुमच्या मुली दुपारभर खोलीत अभ्यास करत असतील.

लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही. सगळा मारा छतावर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. म्हणून महागड्या काचांवर पैसे घालण्याआधी छत सुधारावे. १५० मिलिमीटरच्या उघड्या आरसीसी स्लॅबमधून प्रत्येक अंश तापमानफरकामागे दर चौरस मीटरला तीन वॅटहून अधिक उष्णता आत येते. आपल्याकडे नेहमी करतात तो ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर टाकला तर हा आकडा दोन-सव्वादोनच्या आसपास येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने (बीईई) २०१८ मध्ये आणलेल्या इको-निवास संहितेत छतासाठी हीच मर्यादा १.२ आहे. ती संहिता राहत्या घरांसाठी लिहिलेली असली तरी वसतिगृहाच्या छतासाठी हे माप वापरायला काहीच हरकत नाही. कोब्याखाली ४० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे कठीण फोम-बोर्ड टाकले तर आकडा ०.६ च्या जवळ येतो, म्हणजे मर्यादेच्या निम्मा. त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, जिला आपण चायना मोझॅक म्हणतो, ती करावी. नुसता पांढरा रंग देऊन भागवू नये, कारण मार्चपासून उडणाऱ्या धुळीने तो मळतो आणि ऊन परतवण्याची त्याची ताकद घटते. इन्सुलेशनला धुळीचे भय नाही.

पश्चिमेकडे जिना, स्वच्छतागृहे आणि कोठीची खोली ठेवा, म्हणजे राहत्या खोल्यांवर संध्याकाळचे ऊन येणार नाही. भिंतीला एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक घेतले तर नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत येते. पण त्याचे प्लास्टर आणि जोड नीट न केल्यास बारीक तडे दिसतात, तेव्हा गवंड्यांना ते काम येते का, हे आधी विचारा. आणखी एक मुद्दा मुलींच्या वसतिगृहापुरता आहे. कोरड्या हवेत रात्री खिडक्या उघड्या ठेवून इमारत थंड करणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण तळमजल्यावरच्या मुली सुरक्षिततेसाठी रात्री खिडक्या लावूनच घेतात. म्हणून छताच्या जरा खाली, जाळी आणि गज लावलेले झरोके समोरासमोरच्या भिंतींत ठेवा. ते कोणी बंद करत नाही.

गच्चीची वाटणीही आताच नकाशावर करून घ्या. सौर बंब, वीज देणारे सौर पॅनेल, दोन प्रकारच्या पाण्याच्या टाक्या आणि १२० जणींचे कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या, हे सगळे त्याच ६०० चौरस मीटरवर मावायचे आहे. शेवटच्या गोष्टीचा विचार कोणत्याही सल्लागाराच्या आराखड्यात मला आजवर दिसलेला नाही, आणि तो केला नाही तर पॅनेलवर ओढण्या वाळताना दिसतात.

विश्वस्तांच्या दगड-मातीच्या सूचनेबद्दल आदराने पण स्पष्ट सांगतो. माळवदाची आणि धाब्याची घरे उन्हाळ्यात गार असतात, हे खरे आहे. जाड भिंती आणि मातीचे जाड छत दिवसाची उष्णता अडवून धरतात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात ज्या भिंती कोसळल्या त्या याच, मातीत रचलेल्या जाड दगडांच्या आणि वर टनावारी मातीचे ओझे असलेल्या होत्या. तुमचे वसतिगृह त्याच जिल्ह्यात, तीन मजली आणि मुलींचे आहे. तिथे आरसीसी सांगाडा आणि भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकांनुसार लोखंडाची मांडणी, यांवर तडजोड नको. जुन्या घरांचा गुण छताच्या इन्सुलेशनने आणि सावलीने मिळवता येतो. साहित्यातला कार्बन कमी करायचा असेल तर परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून बनलेल्या विटा, राख मिसळलेले पीपीसी सिमेंट, नदीच्या वाळूऐवजी जवळच्या क्रशरची दगडी वाळू आणि फरशीला शहाबादी, हे चारही पर्याय तुमच्या भागात सहज मिळतात आणि यांतला एकही महाग नाही. पीपीसीला पाणी जास्त दिवस मारावे लागते, किमान दहा दिवस. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवले तर टँकरचे पाणी वाहून जात नाही.

राहता राहिला ठेकेदाराचा वीस टक्क्यांचा आकडा. या क्षेत्रात साधारण दोन ते पाच टक्के वाढीव खर्च सांगितला जातो. तो तेवढाच राहील की वर जाईल, हे तुम्ही विषय कधी काढता यावर ठरते. नकाशा मंजूर झाल्यावर, पाया भरल्यावर सल्लागाराला बोलावले तर ठेकेदाराचा अंदाज खरा ठरू शकतो, कारण तेव्हा दिशा, शाफ्ट, खिडक्या हे फुकटचे उपाय हातातून गेलेले असतात आणि यंत्रे विकत घेऊनच गुण भरून काढावे लागतात. ठेकेदाराला एकूण टक्का विचारू नका. छताचे इन्सुलेशन, दुहेरी नळजोडणी, कर्दळीचा वाफा, एएसी ब्लॉक, प्रत्येकाचा वेगळा दर निविदेत मागवा. मग कोणत्या बाबीला तो घाबरतो आहे ते आपोआप कळते. अनुभव असा की सहसा ते कागदपत्रांचे काम असते.

ती भीती अगदी निराधार नाही. मानांकन मिळते ते पुराव्यावर, आणि पुरावा साइटवर रोज जमा करावा लागतो. राखेच्या विटांचे चलान, सिमेंटच्या गोणीवरचा प्रकार दिसेल असा तारखेसह फोटो, इन्सुलेशन कोब्याखाली झाकले जाण्याआधीचा फोटो, खोदलेली वरची सुपीक माती कुठे साठवली त्याची नोंद, रंगाचे रिकामे डबे भंगारात जाण्याआधी त्यांच्या लेबलचा फोटो. शेवटी हे सगळे एकदम गोळा करायला गेलात तर अर्धे सापडत नाही. एका तरुण साइट इंजिनिअरकडे हे काम सोपवा आणि तसे निविदेत लिहा.

नोंदणीनंतर नकाशांच्या आधारे मिळते ते प्राथमिक प्रमाणपत्र असते. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर, तपासणीनंतर मिळते. निधी देणाऱ्याशी करार करताना यांतले नेमके कोणते हवे आहे ते स्पष्ट लिहून घ्या, आणि सल्लागाराच्या शुल्काचा मोठा हप्ता अंतिम प्रमाणपत्र हाती आल्यावरच द्या. ठेकेदाराच्या शेवटच्या बिलातील काही रक्कमही पुराव्याची फाइल पूर्ण मिळेपर्यंत राखून ठेवावी. तुमचा नकाशा अजून पालिकेत गेला नसेल, तर या आठवड्यात वास्तुविशारदांसोबत बसून शाफ्टची रुंदी, पश्चिमेच्या खोल्या आणि गच्चीची वाटणी एवढे तीन मुद्दे तपासा. मानांकनाची नोंदणी त्यानंतर महिनाभराने केली तरी चालेल.